देणेघेणे लिहून, रुसवेफुगवे बोलून

रमजान लागायच्या आठवडाभर आधी गावातल्या दुकानांच्या गल्ल्याजवळ छोटी छापील कार्डे दिसू लागतात. एका बाजूला दुकानाचे नाव, दुसऱ्या बाजूला महिनाभराच्या सहर आणि इफ्तारच्या वेळा. ही कार्डे फ्रिजच्या दारावर आणि कपाटाच्या आरशावर चिकटवली जातात. संध्याकाळी खजूर हातात घेऊन बसलेल्या घराचे कान मात्र मशिदीकडे लागलेले असतात. वेळ कागदावर लिहिलेली असते, रोजा अजान ऐकून सुटतो. गरज दोन्हींची आहे. कार्ड नसेल तर स्वयंपाक वेळेत उरकत नाही आणि अजान नसेल तर सारा मोहल्ला एकाच क्षणी घास उचलत नाही.

कुरआनचेही तसेच आहे. ‘कुरआन’ या शब्दातच वाचण्याचा, मोठ्याने म्हणण्याचा अर्थ आहे. त्याच ग्रंथाला ‘किताब’ म्हणजे लिहिलेले पुस्तक असेही म्हणतात. रमजानच्या रात्री तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज, म्हणजे ज्याला सारा कुरआन मुखोद्गत आहे असा माणूस, तो पुस्तकात न पाहता म्हणतो. त्याच्याकडून एखादा शब्द चुकला तर मागे उभा असलेला जाणकार लगेच दुरुस्त करतो. पण केवळ पाठांतरावर भिस्त ठेवली गेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत अनेक हाफिज मारले गेले, तेव्हा पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनी हजरत जैद बिन साबित यांच्यावर सारा मजकूर लेखी स्वरूपात एकत्र करण्याचे काम सोपवले. तेव्हापासून स्मरण आणि लेखन एकमेकांवर लक्ष ठेवून आहेत.

काय बोलायचे आणि काय लिहायचे याची समज ज्या परंपरेत इतकी पक्की आहे, त्या परंपरेतले आपण रोजच्या जगण्यात काय करतो? आणि हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. आपल्या गावातल्या कुठल्याही आळीत जा. उसने दिलेले पैसे, भाड्याने दिलेली खोली, दुकानातली भागी, बहिणीचा वाटा हे सारे आपण तोंडी ठेवतो. ‘आपल्यात कसले लिहायचे?’ म्हणतो. आणि माफी, सांत्वन, नाराजी, तक्रार हे सारे मात्र मोबाइलवर दोन ओळी लिहून उरकून टाकतो. जिथे कागद हवा तिथे आपण तोंड चालवतो आणि जिथे तोंडाने बोलायला हवे तिथे अंगठा चालवतो. हे उलटे झाले आहे आणि त्याची किंमत आपण नात्यांत मोजतो, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत कशाबद्दल आहे, असे विचारले तर बहुतेक जण नमाज, रोजा किंवा स्वर्ग-नरक असे उत्तर देतील. ती आयत आहे उसनवारीबद्दल. सूरह बकरामधली ही २८२वी आयत. तिचा आशय असा : तुम्ही ठरावीक मुदतीच्या कर्जाचा व्यवहार केलात तर तो लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहायला नकार देऊ नये. मजकूर ज्याच्यावर कर्ज आहे त्याने सांगावा. तो अजाण किंवा दुबळा असेल तर त्याच्या वतीने त्याच्या पालकाने सांगावा. साक्षीदार ठेवावेत. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये. हातोहात होणारा रोखीचा व्यवहार असेल तर न लिहिल्याने बिघडत नाही.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मजकूर सांगण्याचा अधिकार पैसे देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे. जो अडलेला आहे, ज्याचा हात खाली आहे, त्याच्या तोंडून व्यवहार कागदावर उतरायचा. याचे महत्त्व महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः सावकाराकडच्या कर्जखतांवर होता. ती त्यांनी हिसकावून जाळली. कारण ज्या कागदावर अंगठा उठवला होता, त्यावर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि शेतकऱ्याचे कर्जखत सरकारने नेमलेल्या निबंधकासमोर लिहिले जावे अशी तरतूद त्यात आणली. म्हणजे नुसते लिहून भागत नाही. दोघांना कळेल असे बोलून घ्यायचे आणि मग लिहायचे. न बोलता लिहिलेला कागद हा फास असतो आणि न लिहिता बोललेला व्यवहार हा वाद.

‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न आपल्याकडे कागद मागणाऱ्याला हमखास ऐकावा लागतो. तो विचारला की समोरचा ओशाळतो आणि खिशातला पेन खिशातच राहतो. पण इथे एक दाखला लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक ‘अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. त्याच प्रेषितांनी मदिनेत एका ज्यू व्यापाऱ्याकडून घरासाठी उधारीवर जव घेतले तेव्हा आपले चिलखत तारण ठेवले होते. त्यांच्या निधनाच्या वेळीही ते तारणच होते, असे हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, आले आहे. ज्याच्या सचोटीवर कोणी बोट ठेवले नाही, त्या माणसाला तारण द्यायला कमीपणा वाटला नाही. मग आपल्याला एका वहीच्या पानाचा अपमान का वाटावा?

शिवाय बऱ्याचदा प्रश्न लबाडीचा नसतोच, आठवणीचा असतो. दोन प्रामाणिक माणसे एकच व्यवहार दोन वर्षांनी दोन तऱ्हांनी आठवतात. एकाला वाटते पंचवीस हजार दिले, दुसऱ्याला वाटते वीस घेतले आणि पाच पूर्वीचे होते. दोघेही शपथेवर सांगायला तयार असतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात. तरी ईदला एक जण दुसऱ्याच्या घरचा शीरखुर्मा टाळतो. दिवाळीला फराळाचे ताट परत जाते. पाच हजारांसाठी वीस वर्षांची मैत्री तुटते. पैशाच्या गोष्टीत विश्वास टिकवायचा असेल, तर सारा भार विश्वासावर टाकू नये.

कायद्याचीही एक साधी बाजू आहे. तोंडी कर्जही कायद्यात बसते, पण ते सिद्ध करणे अवघड असते. आणि १९६३च्या मुदत कायद्यानुसार उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी साधारणपणे तीन वर्षांच्या आत न्यायालयात जावे लागते. त्या मुदतीच्या आत घेणाऱ्याने ‘मी इतके देणे लागतो’ असे लिहून सही केली, तर मुदत नव्याने मोजली जाते. आपल्याकडे होते असे, की देणारा संकोचाने तीन वर्षे विषय काढत नाही, घेणारा संकोचाने समोर येत नाही आणि मग पैसेही जातात, माणूसही जातो.

आणि लिहून घेणे म्हणजे कठोर होणे नव्हे. त्याच सूरहमध्ये, या मोठ्या आयतीच्या अगदी जवळ, २८०व्या आयतीत सांगितले आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि माफच केलेत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. सवड आणि हिशेब हे शेजारी शेजारी ठेवले आहेत. मला यात व्यवहाराचे मोठे शहाणपण दिसते. किती येणे आहे हे ज्याला ठाऊक आहे तोच ते मोकळ्या मनाने सोडू शकतो. वहीत लिहिलेली रक्कम समोरच्याच्या देखत खोडणे ही माफी. न लिहिलेली रक्कम मनात घोळवत राहणे ही अढी.

पैशापेक्षाही मोठी हेळसांड होते ती वाट्याची. इस्लामी कायद्यात हिबा, म्हणजे हयातीत दिलेली भेट, तोंडीही चालते. देणाऱ्याने जाहीर करायचे, घेणाऱ्याने स्वीकारायचे आणि ताबा द्यायचा, या तीन गोष्टी पुऱ्या झाल्या की ती वैध ठरते. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही मुस्लिमांच्या या पद्धतीला सूट दिली आहे. मृत्युपत्रही तोंडी चालते, मात्र वारसांच्या संमतीशिवाय ते एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच. कायदा तोंडी चालवून घेतो, पण प्रेषितांची शिकवण काय आहे? ज्याच्याकडे मृत्युपत्र करण्यासारखे काही आहे, त्याने ते लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही जाऊ देऊ नयेत, असा हदीसचा आशय आहे. आपण दोन रात्रींचे वीस वर्षे करतो. ‘अब्बांनी मला सांगितले होते, वरची खोली तुझी’, असे तीन मुले सांगतात आणि अब्बा कब्रस्तानात असतात.

यात सर्वांत जास्त हरते ती बहीण. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे. हिंदू कुटुंबांत २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच हक्क मिळाला आहे. तरी दोन्ही घरांत चित्र एकच दिसते. माहेरी आलेल्या बहिणीसमोर कागद सरकवला जातो. एका घरात ‘आपा, इथे सही कर’, दुसऱ्या घरात ‘ताई, तलाठ्याकडे द्यायचे आहे, एवढे हक्कसोडपत्र कर’. कशावर सही, किती जमीन, किती किंमत, हे कोणी बोलत नाही. तिनेही विचारू नये अशी अपेक्षा असते, कारण विचारले तर माहेर तुटेल ही भीती. इथे लेखन आहे, पण बोलणे नाही. आधी सगळ्यांनी बसून बोलावे, तिचा वाटा किती ते तिला सांगावे, मग तिने घ्यावा की सोडावा हे तिने ठरवावे आणि नंतर लिहावे. ही पायरी गाळलेला कागद नोंदणीकृत असला तरी न्याय्य होत नाही.

निकाहची रीत पाहिली तर हा क्रम किती नीट लावला आहे ते दिसते. तिथे ‘कबूल आहे’ हे साक्षीदारांसमोर तोंडाने बोलावे लागते. मेहर, म्हणजे पतीने पत्नीला द्यायची रक्कम, किती आणि ती लगेच द्यायची की पुढे, हे मोठ्याने सांगितले जाते आणि मग ते निकाहनाम्यात लिहून सह्या होतात. मन तोंडाने द्यायचे, हक्क कागदाने. अनेक लग्नांत मात्र आपण मंडप, बिर्याणी आणि फोटोंत इतके गुंततो की निकाहनामा नीट वाचायला कोणाला वेळ नसतो. तो वाचावा, आणि त्याची एक प्रत मुलीच्या स्वतःच्या हातात असावी.

हाच नियम घराबाहेरही लागू पडतो. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. कचेरीतल्या कामाचेही तेच. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ या भरवशावर लोक महिनोन्महिने हेलपाटे घालतात. बोललेले साहेब बदलून जातात आणि नव्या साहेबांना काही ठाऊक नसते. अर्ज लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. २००५च्या माहिती अधिकार कायद्यातली तीस दिवसांची मुदतही लेखी अर्ज पोचल्यावरच सुरू होते. गरिबाकडे ओळख नसते, पोच मात्र असू शकते.

आता दुसरी बाजू. जे बोलायचे ते आपण लिहितो.

रमजानच्या पंधरा दिवस आधी शब-ए-बारात येते. त्या दिवशी मोबाइल माफीच्या संदेशांनी भरून जातो. ‘कळत नकळत काही चुकले असेल तर माफ करा.’ सुंदर अक्षरे, मागे चंद्र, खाली गुलाब. पाठवणारा हा संदेश एका दमात दोनशे जणांना पाठवतो. त्या दोनशेंमध्ये तो सख्खा भाऊही असतो ज्याच्याशी चार वर्षे बोलणे नाही. त्यालाही गुलाब जातो, तोही गुलाब पाठवतो आणि दोघे ईदला वेगवेगळ्या रांगांत उभे राहतात. जैन मित्र सांगतात, संवत्सरीच्या ‘मिच्छामि दुक्कडम्’चे आता असेच झाले आहे. संक्रांतीचेही वेगळे नाही. तिळगूळ देताना आपण ‘गोड बोला’ म्हणतो, आणि त्या दिवशी बोलणे सोडून चित्रे पाठवतो.

माफी ही कोणाची तरी असते आणि कशाबद्दल तरी असते. ‘त्या दिवशी चारचौघांत मी तुला चोर म्हटले, ते चुकले’ असे वाक्य तोंडातून काढायला जीव जड होतो. तो जडपणा हीच तर माफीची किंमत. फॉरवर्ड केलेल्या संदेशात ती कोणी भरलेलीच नसते. हदीसमध्ये सांगितले आहे की आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे योग्य नाही आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. सलाम म्हणजे बोलणे. चूक कोणाची हे ठरल्यावर सलाम करावा, असे त्यात म्हटलेले नाही. आधी करावा, एवढेच.

सांत्वनाचेही तसेच. कोणी गेल्याची बातमी गटावर पडते आणि पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. मुस्लिम गटांवर ‘इन्ना लिल्लाहि’ची. एक लिहितो म्हणून दुसरा लिहितो. पण ज्या घरात माणूस गेले, त्या घरातल्यांना संध्याकाळी दारात कोण आले होते ते आठवते. आजारी माणसाची विचारपूस आणि दुखवट्याची भेट यांना आपल्या दोन्ही समाजांत इतके महत्त्व दिले गेले, ते शब्दांसाठी नाही. अशा वेळी शब्द सुचतही नाहीत. माणूस जवळ येऊन बसतो, दोन वाक्ये बोलतो, गप्प राहतो. तेवढे पुरते. लांब असलेल्याने फोन करावा. एके काळी आखातात कामाला गेलेली कोकणातली माणसे घरी कॅसेट भरून पाठवत, कारण पत्र वाचता न येणाऱ्या आईला मुलाचा आवाज कळायचा. आज तोच आवाज फुकट आणि तत्काळ पोचतो. तरी आपण चित्र पाठवतो.

लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि चेहरा नसतो. ‘बघू’ हा एकच शब्द आईने म्हटला तर होकार असतो आणि साहेबांनी म्हटला तर नकार. लिहिला तर वाचणारा आपल्या त्या वेळच्या मनःस्थितीप्रमाणे तो वाचतो. भांडणात तर शब्दाने शब्द वाढतोच, पण लिहिलेला शब्द पुन्हा पुन्हा वाचला जातो, त्याचा फोटो काढून चार जणांना दाखवला जातो. रागात बोललेले रात्रीत विरते. रागात लिहिलेले सकाळी पुरावा होते.

तलाकच्या प्रश्नातही हे दिसले. एका दमात तीनदा शब्द उच्चारून संसार मोडण्याची प्रथा होतीच. पुढे तो शब्द पत्राने, मग मोबाइलवरून पाठवला जाऊ लागला. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी ती प्रथा रद्दबातल ठरवली आणि २०१९च्या कायद्याने असा तलाक, मग तो तोंडी असो, लेखी असो की इलेक्ट्रॉनिक साधनाने दिलेला असो, निरर्थक आणि गुन्हा ठरवला. त्या कायद्यातल्या शिक्षेबद्दल मतभेद आहेत आणि राहतील. पण ज्याने कोणी चार शब्द टाइप करून बायकोला वाऱ्यावर सोडले, त्याने कुरआन वाचला नव्हता हे नक्की. सूरह निसामध्ये सांगितले आहे की पती-पत्नीत फूट पडेल अशी भीती वाटली, तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा. म्हणजे चौघांनी समोरासमोर बसून बोलावे. जोडायचे असेल तर बोलणे, आणि तुटलेच तर साक्षीदारांसमोर तिचे हक्क नीट देणे, हा क्रम आहे. मोबाइलवरच्या संदेशाने दोन्ही पायऱ्या गाळल्या.

घरातली ही गोष्ट गावातही घडते, आणि तिथे तिची किंमत जिवाने मोजावी लागते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले, भिक्षा मागत फिरणारे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरत होत्या. जमावाने पाचही जणांना ठार मारले. ‘तुम्ही कोण, कुठून आलात’ हे शांतपणे विचारून उत्तर ऐकायला किती वेळ लागला असता? मोबाइलवरच्या मजकुरावर विश्वास बसला, समोरच्या माणसाच्या तोंडच्या शब्दावर बसला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. पाच ही संख्या कमी की जास्त हा प्रश्न नाही. एकदाही न विचारता पाठवणे हा प्रश्न आहे.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या काळात तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे पोलिसांसह नियमित एकत्र बसू लागली, गटार, पाणी, भांडणे यांबद्दल बोलू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथे कोणी मोठे करारपत्र लिहिले नव्हते. पण अफवा आली तेव्हा ज्याला विचारावे असा पलीकडच्या आळीतला माणूस प्रत्येकाला नावाने ठाऊक होता. आज आपल्या गावात असे किती जण आहेत, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे.

रोजा केवळ पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, हे मौलाना दर रमजानला सांगतात. जो खोटे बोलणे सोडत नाही त्याने अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, असा हदीसचा आशय आहे. चहाडी आणि खोटी बातमी आता जिभेने कमी आणि अंगठ्याने जास्त होते. तेव्हा रोजा अंगठ्यालाही धरावा लागेल.

कोणी म्हणेल, सगळ्यांना बोलणे जमते का? बरोबर आहे. ज्या सुनेचे घरात कोणी ऐकून घेत नाही, ज्या मुलाला बापासमोर शब्द फुटत नाही, ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी चिठ्ठी हाच धीराचा मार्ग असतो. तशी चिठ्ठी हातात पडली तर ‘तोंड नाही का?’ असे विचारू नये. ती शांतपणे वाचावी. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याच्यासाठी लिहून देणारा आणि वाचून दाखवणारा हवा. आयतीने लिहिणाऱ्याला नकार देऊ नको असे बजावले आहे, ते त्याचसाठी. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी या महिन्यात एक अर्ज, एक पावती, एक करार कोणासाठी तरी लिहून दिला, तर तेही पुण्यच आहे.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. लिहू की बोलू असा प्रश्न पडला तर स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. यावरून उद्या वाद होऊ शकतो का, आणि झाला तर दुबळ्याचे नुकसान होईल का? तसे असेल तर आधी बोलून घ्यावे आणि मग लिहावे. हे ऐकताना समोरच्याला माझा चेहरा दिसायला हवा का? तसे असेल तर उठावे आणि जावे.

ईदपूर्वी जकातीचा हिशेब करण्यासाठी अनेक घरांत वही निघेलच. त्या वहीत कोणाचे किती देणे आहे, कोणाकडून किती येणे आहे, बहिणीचा वाटा कुठे अडला आहे, हेही लिहून टाकावे. तिच्याच शेवटच्या पानावर तीन-चार नावे लिहावीत, ज्यांच्याशी आपण बोलत नाही. पहिली पाने ज्याची त्याला दाखवावीत आणि सही घ्यावी. शेवटचे पान कोणाला दाखवू नये. त्यावरच्या दारांवर मात्र चाँदरातीच्या आत जाऊन यावे. ईदची गळाभेट लिहून पाठवता येत नाही.